भिंतीबाहेरचं मैदान

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, आजी, तुमच्या गावात फुटबॉलचं स्टेडियम आहे का? त्याच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या आजीआजोबांच्या शहरातल्या स्टेडियमचा इतिहास आणि तिथल्या सोयी यांवर बोलायचं आहे म्हणे. मी आहे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्या स्टेडियमचा मला नव्याने राग आला. तोंडी सांगितलं तर मी भलतंच काही बोलून जाईन, म्हणून लिहून पाठवते आहे. मोठीचं मराठी वाचन बरं आहे, तिने धाकट्याला वाचून दाखवावं. शाळेत यातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आधी इतिहास. मी मूळची साताऱ्याची, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्न होऊन या कृष्णाकाठच्या गावात आले तेव्हा आपल्या घरासमोर भिंत नव्हती. रस्ता, त्यापलीकडे चार लिंबाची झाडं आणि मग ते मैदान. संस्थानच्या काळात तिथे परेड होत असे, असं तुमच्या पणजीकडून मी ऐकलं. परेडीसाठी त्या लोकांनी माळावरचा मुरूम आणून पसरला होता. मुरूम म्हणजे तांबडी, खडेदार माती. ती दाबली की कठीण होते आणि पाणी धरून ठेवत नाही. त्या मुरुमावर वर्षानुवर्षं हरळी पसरली होती. हरळी म्हणजे जमिनीला धरून वाढणारं बारीक गवत, दूर्वांच्या जातीचंच. कितीही तुडवा, मरत नाही. तुमच्या तिकडे फुटबॉलसाठी मुद्दाम जे गवत लावतात त्यात ही जात असते, हे मी नंतर वाचून खात्री करून घेतलं.

तुमचे आजोबा तिथे खेळत. कचेरीतून आले, चहा घेतला, की पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून रस्ता ओलांडायचे. बूट नव्हतेच. पावसाळा हाच फुटबॉलचा हंगाम, आणि दुपारभर सर कोसळली तरी संध्याकाळी मैदान खेळायला तयार असे. मी वरच्या गॅलरीतून बघायची. आजोबा फार चांगले खेळत नसत, पण ओरडत छान. हा झाला इतिहास. तो कोणी बांधला नव्हता, कोणी त्याचं उद्घाटन केलं नव्हतं, म्हणून तो टिकला.

मग स्टेडियम आलं.

स्टेडियम समितीचे अध्यक्ष माझे विद्यार्थी. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे आणि ते शेवटच्या बाकावर बसून माझ्या तासाला हरभरे खात. आता त्यांचा ऊस आहे, गाड्या आहेत आणि गावातल्या निम्म्या फ्लेक्सवर त्यांचा चेहरा आहे. मला ते अजून बाई म्हणतात, म्हणून मी त्यांना अजून अरे म्हणते. समितीत बाकी जे होते तेही सगळे ऊसवाले, आणि त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नव्हती. आधी भिंत झाली. मग एके दिवशी आत यंत्र आलं आणि मैदान खणायला लागलं. मी छत्री घेऊन रस्ता ओलांडला. अध्यक्ष उभे होते.

"अरे, चांगलं मैदान खणतोस कशाला?"

"बाई, हरळी बघितली का किती माजलीय? बाहेरगावचं पाव्हणं आलं म्हंजे काय म्हणतील? रानात अशी हरळी दिसली तर लोक पोरगी देत न्हाईत."

"हे रान नाही. मैदान आहे. हरळीवरच खेळतात."

"आवं बाई, इंग्रजी तुमचं, माती आमची. सगळा मुरूम काडून टाकायचा आन् माझ्या मळीतली माती टाकायची. नदीकाठची, काळी. खर्च माझा. पेरंल ते उगवतंय तितं."

"पण इथं पेरायचं काय आहे?"

ते मोठ्याने हसले आणि शेजारच्या समितीवाल्याला म्हणाले, "बाईंचा सोभाव लय मिस्किल."

मी मिस्किल अजिबात नव्हते. पण या लोकांची एक अडचण आहे. जमीन म्हटली की त्यांना एकच प्रश्न सुचतो, ती पिकते किती. काळी माती म्हणजे उत्तम माती, मग ती उसाखाली असो की फुटबॉलखाली. आणि हरळी दिसली की हात शिवशिवतात; ती शेतकऱ्याची वैरी. तेव्हा उत्तम मैदानातलं उत्तम गवत त्यांनी बायका लावून मुळासकट खुरपून काढलं, खालचा मुरूम भिंतीबाहेर नेऊन टाकला आणि वर आपल्या मळीची, म्हणजे नदीकाठच्या रानाची, चिकट काळी माती पसरली. कोणी त्यांना फसवलं नाही. हे सगळं त्यांनी मनापासून, स्वतःच्या खर्चाने आणि अभिमानाने केलं. बाहेर टाकलेल्या मुरुमाचं काय करायचं हे कोणाला सुचेना, म्हणून त्याच्यावर रोलर फिरवून पार्किंग केलं.

आता सोयी. पश्चिमेकडे तोंड करून मान्यवरांची गॅलरी आहे, छप्पर फक्त तिच्यावर. सामने संध्याकाळी असतात, त्यामुळे छपराखाली बसलेल्या मान्यवरांच्या थेट डोळ्यांत सूर्य येतो. त्यावर उपाय म्हणून पडदे लावले. पडदे ओढले की सूर्य दिसत नाही आणि मैदानही दिसत नाही. मान्यवरांची आजवर तक्रार नाही. चार कोपऱ्यांत दिव्यांचे मनोरे आहेत; ते अजून लागलेले मी पाहिलेले नाहीत, पण साळुंक्यांनी वर घरटी करून त्यांचा चांगला उपयोग केला आहे. आत सोफे असलेली एक खोली आहे, तिला मोठं कुलूप आहे. महिला खेळाडूंसाठी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह आहे. तशी पाटीच आहे. त्यात सत्कार समारंभाच्या खुर्च्या, जुने फ्लेक्स आणि रांगोळीची पोती असतात. हिवाळ्याच्या शेवटापासून मैदान लग्नांना भाड्याने मिळतं आणि मांडवाचे खड्डे पावसाळ्यात पाण्याने भरतात. कारंजं विसरले. कारंजं आहे.

आता तो सामना. मागच्या पावसाळ्यात शाळकरी मुलींच्या जिल्ह्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी इथे होती. आपल्या गावातल्या एका मोठ्या शाळेच्या मुली आणि आटपाडीकडच्या एका खेड्यातल्या मुली. जो संघ जिंकेल तो कोल्हापूरला विभागाच्या स्पर्धेला जाणार. रात्री पाऊस झाला होता, सकाळी उघडलं. मी आपल्या घराच्या गॅलरीत पेपर वाचत होते. आटपाडीच्या मुली जीपमधून उतरल्या. फाटकावरच्या माणसाने त्यांना आत सोडलं नाही. सामन्याचं उद्घाटन झाल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. तेव्हा त्या पार्किंगमध्येच पळू लागल्या, चेंडू टोलवू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचे शिक्षक आपल्या दाराशी आले. वडूजकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, ताठ.

"आवं आज्जी, माफ करा. पोरींना जरा बाथरूमला जायाचं हुतं. आत कुलूप हाय."

मी म्हटलं, सगळ्यांना घेऊन या, कपडेही इथेच बदला. मुली आल्या. बूट दाराबाहेर ओळीने लावले. फौजी शिस्त असावी. एकीने बाथरूममधून येऊन सांगितलं, "आज्जी, तुमचा नळ लय भारी हाय. दोन दिशेनं पाणी येतंय." दुसरी तिला म्हणाली, "तू नळ बघायला आलीस का मॅच खेळायला?" मी पोहे केले. संघाची कप्तान उंच, सावळी मुलगी होती, ती पोहे खाईना.

"खात का नाहीस गं?"

"पळताना जड हुतंय आज्जी. जिंकल्यावर खाते."

"आणि हरलात तर?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मी पुढच्या वर्षी वयात बसत न्हाई. म्हंजे आजचंच काय ते."

गोलात उभी राहणारी मुलगी जवळच बसली होती. ती म्हणाली, "मग खा की. उपाशीपोटी हरलीस तर डबल वाईट." मुली हसल्या. कप्तान हसली नाही, पण तिने एक घास घेतला.

दहा वाजताचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून मंचावर, म्हणजे त्या मान्यवरांच्या गॅलरीत, बोलावलं होतं. जाते मी अशा कार्यक्रमांना; घरासमोर असतात, आणि न जाण्याने कोणाचं काही बिघडत नाही. फाटकापासून मंचापर्यंत भली मोठी रांगोळी होती. प्रत्येकाला फेटा. फेटे बांधणारा एकच माणूस होता आणि मान्यवर अनेक. माझ्याही डोक्यावर फेटा बसवला. मग प्रत्येकाचा परिचय, शाल, नारळ. मग समितीने एकमेकांचा सत्कार केला. दोन्ही संघांच्या मुली एवढा वेळ मैदानाच्या कडेला रांगेत उन्हात उभ्या. अध्यक्षांनी भाषणात ही माती त्यांच्या मळीतली आहे हे दोनदा सांगितलं. प्रमुख पाहुण्यांनी कुस्तीवर भाषण केलं. बहुधा त्यांना तेच येत असावं.

भाषणं संपल्यावर पाहुण्यांनी चेंडू टोलवून उद्घाटन करायचं होतं. ते मैदानात चालत निघाले. मैदान वरून हिरवंगार दिसत होतं. नर्सरीतून आणलेल्या लॉनच्या चादरी त्या काळ्या मातीवर अंथरल्या होत्या. मध्यावर पोचेपर्यंत पाहुण्यांचे बूट दुप्पट जड झाले. त्यांनी पाय उचलला, बूट तिथेच राहिला आणि लाथ बसली ती मोज्याची. चेंडू हातभर गेला आणि थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने "साहेब, आणखी एकदा" म्हटलं, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली.

मग पंच मैदानात गेले. पंच साताऱ्याहून आलेले, हडकुळे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी चेंडू डोक्याइतका उंच धरला आणि सोडला. चेंडू पडला आणि पडूनच राहिला. त्यांनी चार ठिकाणी हेच केलं. मग येऊन अध्यक्षांना सांगितलं, इथे सामना होणार नाही. मुलींचे गुडघे जातील.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. निसर्गापुढे कोणाचं चालत नाही, असं म्हणाले. मग नियम सांगितला. सामना आज झाला नाही तर मागच्या वर्षीचा विजेता संघ कोल्हापूरला जाईल. मागच्या वर्षीचा विजेता संघ आपल्या गावातल्या त्याच मोठ्या शाळेचा, आणि ती शाळा चालवणाऱ्या संस्थेत हे अध्यक्षही आहेत. काय ते ओळखायला तुम्ही दोघं समजदार आहात.

मी आटपाडीच्या रांगेकडे पाहिलं. कप्तान जागची हलली नाही. तिने फक्त वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. गोलातली मुलगी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि तिने मान हलवली. त्यांचे शिक्षक अध्यक्षांकडे गेले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, पोरी लांबून आल्यात. बाकी कुठंबी खेळू. रस्त्यावर म्हणलं तर रस्त्यावर."

"न्हाई वो सर, स्टेडियम असताना रस्त्यावर कशाला? लोकं नावं ठिवतील."

उंचावरच्या त्या गॅलरीतून मला भिंतीपलीकडचं पार्किंग दिसत होतं. सकाळी घरातून मी तिथला चेंडू ऐकला होता. ठण, ठण. तो आवाज मी आजोबांच्या वेळेपासून ओळखते. रात्रभर पाऊस पडूनही तिथे पाण्याचं एक डबकं नव्हतं. मी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पंचांना हाक मारली.

"भिंतीबाहेर चेंडू टाकून बघता का जरा?"

ते गेले. आम्ही सगळे पाहत होतो. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी चेंडू सोडला, आणि तो त्यांच्या छातीपर्यंत वर आला. त्यांनी तो झेलला, बुटाची टाच जमिनीवर घासून पाहिली आणि तिथूनच मान डोलावली.

"बाई, ते पार्किंग हाय," अध्यक्ष म्हणाले.

"ते मैदान आहे. तूच बाहेर नेऊन टाकलंस."

"आवं, पाव्हण्यांच्या गाड्या हायेत तितं."

"मग उद्याच्या पेपरात काय छापणार आहेस? फेटे? की मोजा?"

त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. ही शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती. सामनाच नाही तर सामन्याचा फोटो नाही, आणि फोटो नाही तर एवढं सगळं कशासाठी केलं? माझ्या वर्गात त्यांना कधी इतक्या लवकर काही समजल्याचं आठवत नाही. तरी पाहुण्यांना गाड्या हलवायला सांगण्याची हिंमत त्यांना झाली नसती. पण तेवढ्यात कोणीतरी येऊन सांगितलं की फार्महाऊसवर मटण तयार आहे, आणि मान्यवर आपण होऊन उठले. पाच मिनिटांत पार्किंग मोकळं झालं. मुलींसाठी त्या दिवशी या गावाने जो काही त्याग केला, तो एवढाच.

पुढचं सगळं दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी केलं. आतले गोल सिमेंटमध्ये रुतवलेले, म्हणून मांडववाल्याचे बांबू उभे केले. रेषांना चुना नव्हता. महिला खेळाडूंच्या खोलीचं कुलूप उघडायला लावून रांगोळीची पोती बाहेर काढली. अशा रीतीने ती खोली एकदाची महिला खेळाडूंच्या उपयोगी पडली. पंच लांब ढांगा टाकत मैदान मोजत होते, मागून फौजी शिक्षक रांगोळी सोडत होते. गोलातली मुलगी ओरडली, "सर, माज्या गोलाफुडं कमळ काडा की."

"गप उभी ऱ्हा. सावधान."

गावातल्या शाळेच्या मुली वाईट नव्हत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याकडे महागाचे खिळ्यांचे बूट होते आणि मुरुमावर ते घसरत होते. आटपाडीच्या मुली बारा महिने अशाच माळावर खेळतात. झाडाखाली खुर्ची टाकून मी बसले होते. पूर्वार्धात काहीच झालं नाही, दोन्हीकडच्या मुली नुसत्या धूळ न उडणाऱ्या त्या ओल्या तांबड्या जमिनीवर धावत होत्या आणि चेंडू प्रामाणिकपणे जिथे पाठवावा तिथे जात होता. ते बघतानाच मला बरं वाटलं. उत्तरार्धात कप्तानने डावीकडून चेंडू काढला, दोघींना मागे टाकलं, आणि मला वाटलं आता ती मारणार. तिने मारला नाही, आत ढकलला. तिथे एक बुटकी मुलगी होती, तिच्या गुडघ्याला लागून तो दोन बांबूंच्या मधून गेला. बुटकीला काय झालं ते सर्वांत शेवटी कळलं.

"गुडघ्यानं मारलास व्हय गं?" गोलातली मुलगी पार दुसऱ्या टोकावरून ओरडली.

"मी कुठं मारला? त्यो आला."

तेवढाच गोल झाला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा कप्तान खाली बसली, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. शिक्षक तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेजारी नुसते उभे राहिले.

मटण खाऊन अध्यक्ष बक्षीस समारंभाला परत आले. बक्षीस आतच द्यायचं, असा त्यांचा आग्रह. मुलींना त्या चिखलात उभं केलं, मागे स्टेडियमच्या नावाची पाटी. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की भव्य स्टेडियमच्या हिरवळीवर चुरशीचा सामना रंगला. फोटोत अध्यक्ष मध्यभागी आणि मुली कडेला, आणि कप्तानचा अर्धा चेहरा कापलेला.

फोटोनंतर ती आपल्याकडे आली. हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून दोन ताटल्या पोहे खाल्ले. निघताना म्हणाली, "आज्जी, तुमचं पार्किंग लय चांगलं हाय." मी म्हटलं, माझं नाही ते. पण मला ते ऐकायला आवडलं, आणि तुमच्या आजोबांना आणखीच आवडलं असतं. कोल्हापुरात आटपाडीच्या मुली दुसऱ्या फेरीत हरल्या. शिक्षकांनी फोनवर फोटो पाठवला आहे, त्यात कप्तानचा पूर्ण चेहरा आहे. तो तुम्हाला पाठवते.

मागच्या आठवड्यात अध्यक्ष पेढे घेऊन आले होते. पार्किंगला सिमेंटचे ब्लॉक बसवायचं मंजूर झालं आहे, भूमिपूजनाला बाईंनी यायचं.

"पोरींच्या पायाला खडं टोचलं आसतील त्या दिवशी. आता कसं गुळगुळीत हुईल," ते म्हणाले.

"ब्लॉक टाकण्याआधी तो मुरूम उचलून आत टाक."

"मुरूम? स्टेडियमात?" ते मनापासून हसले. "बाई, तुमी पण. सोभाव काय बदलला न्हाई."

मी पेढा परत केला आणि भूमिपूजनाला येणार नाही असं सांगितलं. काम थंडीनंतर सुरू होईल, तेही या लोकांच्या हिशेबाने, म्हणजे जरा उशिरानेच. तुम्ही डिसेंबरात येणार आहात. संध्याकाळी गाड्या गेल्या की तिथे मुलं-मुली खेळतात, मी गॅलरीतून रोज बघते. येताना सपाट तळव्याचे बूट आणा, खिळ्यांचे नकोत.